अठरा वर्षं झाकून ठेवलेला नियम

प्रयोगशाळेतल्या सोप्या प्रयोगांत हुकच्या नियमाचा प्रयोग बहुधा पहिला लागेल. स्टँडला स्प्रिंग टांगायची, खाली पारडं अडकवायचं, वजनं वाढवत जायची आणि दर्शक पट्टीवर किती खाली उतरला ते लिहीत जायचं. अर्ध्या तासात आलेख तयार होतो, सरळ रेषा येते, वहीवर सही होते. ‘स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत प्रसरण हे बलाच्या समप्रमाणात असतं’ हे वाक्य मुलं पाठ म्हणतात आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

हा नियम ज्याच्या नावानं ओळखला जातो त्या रॉबर्ट हुकनं तो शोधल्यावर उघडपणे छापायला अठरा वर्षं घेतली. मध्ये एकदा छापला, पण कुणालाही वाचता येणार नाही अशा रीतीनं. तारेला वजन टांगून मोजण्यासारखी साधी गोष्ट एवढी जपून का ठेवायची? हे समजून घेतलं, तर त्या अर्ध्या तासाच्या प्रयोगाकडे आपण जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागतो.

प्रयोग दाखवण्याची नोकरी

हुकचा जन्म १६३५ सालचा, इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या वाइट बेटावरचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. ते १६४८ साली वारले आणि हा मुलगा लंडनला आला. लहानपणापासून हातानं वस्तू करण्याचा नाद होता. पुढं ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना तो रॉबर्ट बॉइलचा साहाय्यक झाला. ज्या हवेच्या पंपावर बॉइलचे प्रसिद्ध प्रयोग झाले, तो पंप घडवण्यात हुकचा मोठा वाटा होता. बॉइलच्या १६६० सालच्या ग्रंथाच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्दप्रयोग आहे. दाबली की परत उसळणारी हवा आणि ताणली की परत आखडणारी तार, हे दोन्ही प्रश्न हुकच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी होते.

१६६२ साली रॉयल सोसायटीनं त्याला प्रयोगांचा व्यवस्थापक नेमलं. दर सभेला तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे, असं त्याचं काम! प्रयोगाची तयारी करून वर्गात जाणाऱ्या शिक्षकाला या नोकरीचं ओझं वेगळं समजावून सांगायला नको. १६६५ साली तो ग्रेशॅम कॉलेजात भूमितीचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या जगाचं त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक आलं. ‘सेल’ हा शब्द जीवशास्त्राला याच पुस्तकातून मिळाला. १६६६ च्या आगीत लंडन जळाल्यावर शहराच्या फेरमोजणीचं कामही त्याच्याकडे आलं.

याखेरीज जॉन कटलर नावाच्या धनिकानं वर्षाला ५० पौंड देण्याचं कबूल करून हुककडून व्याख्यानं ठरवली होती. व्याख्यानं झाली, पैसे मात्र थकले. ते मिळवण्यासाठी हुकला कोर्टात जावं लागलं आणि निकाल त्याच्या बाजूनं लागायला १६९६ साल उजाडलं. आपण ज्याला हुकचा नियम म्हणतो तो या थकलेल्या व्याख्यानांपैकीच एका व्याख्यानात आहे.

घड्याळ आणि समुद्र

नियम लपवण्याचं कारण होतं घड्याळ. भर समुद्रात जहाजाचा अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढता येतो. रेखांशासाठी मात्र निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले आहेत हे कळावं लागतं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांत १ अंश. घड्याळ ४ मिनिटं चुकलं, तर विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे १११ किलोमीटरनं चुकते.

हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं १६५६ साली लंबकाचं घड्याळ केलं होतं. जमिनीवर ते उत्तम चाले, पण हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचा काय निभाव लागणार? हुकला सुचलं, की लंबकाला मध्यावर परत आणायचं काम गुरुत्वाकर्षण करतं. तेच काम स्प्रिंगनं केलं तर जहाज कितीही कललं तरी फरक पडणार नाही. त्यासाठी स्प्रिंगचं बळ विस्थापनाच्या प्रमाणात वाढायला हवं. तसं असेल तर आंदोलन लहान असो की मोठं, त्याला लागणारा वेळ सारखाच राहतो. म्हणजे हा नियम हेच घड्याळाचं मर्म होतं. तो उघड केला की घड्याळ कुणालाही करता आलं असतं. १६६० च्या सुमारास हुकची काही वजनदार मंडळींशी एकस्वाबद्दल बोलणी झाली, पण अटींवरून ती फिसकटली. हुकनं कल्पना स्वतःपाशीच ठेवली.

१६७५ च्या जानेवारीत हायगेन्सनं रॉयल सोसायटीचा चिटणीस ओल्डेनबर्ग याला पत्र पाठवलं. चक्राला नागमोडी स्प्रिंग जोडलेलं घड्याळ आपण केलं आहे, असा त्या पत्राचा आशय. तोही आधी अक्षरांच्या कोड्यात! हुक भडकला. आपली कल्पना ओल्डेनबर्गनं फोडली, असा त्यानं आरोप केला. थॉमस टॉम्पियन या कारागिराकडून घाईनं एक घड्याळ करवून त्यानं ते राजा दुसरा चार्ल्स याला दिलं आणि हा शोध आपण १६५८ सालीच लावल्याचं त्यावर कोरून घेतलं. (पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरताना १६६१ च्या करारानं ज्याला मुंबई बेट आंदण मिळालं, तोच हा चार्ल्स.)

हुकचा दावा बराच काळ कुणी फारसा मनावर घेतला नाही. पण २००६ साली इंग्लंडमधल्या एका घरात हुकच्या हस्ताक्षरातला, हरवलेला समजला जाणारा कागदांचा गठ्ठा सापडला आणि रॉयल सोसायटीनं तो विकत घेतला. असं घड्याळ त्यानं १६७० च्या जूनमध्ये सोसायटीत दाखवल्याची नोंद त्यात आहे. तरीही चालणारं घड्याळ स्पष्ट आकृतीसह जगापुढं आधी मांडलं ते हायगेन्सनंच. लपवून ठेवण्याची किंमत हुकला अशी मोजावी लागली.

चौदा अक्षरं

या भांडणानंतर हुक सावध झाला. १६७६ साल घातलेल्या एका पुस्तिकेच्या शेवटी, उरलेली जागा भरण्याच्या निमित्तानं, त्यानं आपल्या काही शोधांची यादी दिली. त्यात स्थितिस्थापकतेच्या सिद्धांतापुढं फक्त अक्षरांची एक माळ होती: एक सी, एक ई, तीन आय, एक एन, एक ओ, तीन एस, दोन टी आणि दोन यू. अक्षरं वर्णक्रमानं लावलेली, त्यामुळं अर्थ लागणं अशक्य. तेव्हाची ही रीतच होती. शोध पुरता पारखून होईपर्यंत गुपित राहतो आणि नंतर कुणी हक्क सांगितला, तर ‘माझी अक्षरं बघा’ म्हणता येतं. गॅलिलिओनं शनीबद्दल हेच केलं होतं.

दोन वर्षांनी, १६७८ साली, ‘स्प्रिंगविषयी’ या अर्थाच्या नावाचं व्याख्यान छापून हुकनं कोडं सोडवलं. ती चौदा अक्षरं नीट मांडली की लॅटिनमध्ये वाक्य होतं: ‘उट टेन्सिओ सिक विस’. (तेव्हा यू आणि व्ही ही एकाच अक्षराची रूपं मानत.) अर्थ असा, की जेवढं ताणणं, तेवढं बळ. आपल्याला हे सुमारे अठरा वर्षांपूर्वीच सापडलं होतं, असंही त्यानं तिथं सांगितलं.

खिळा, तार आणि पारडं

त्या व्याख्यानातले प्रयोग पाहिले की आपल्या शाळेची प्रयोगशाळा श्रीमंत वाटू लागते. पोलादाची, लोखंडाची किंवा पितळेची तार घ्या, सारख्या जाडीच्या दांड्यावर गुंडाळून तिचं वेटोळं करा, दोन्ही टोकांना फासे वळवा. एक फासा खिळ्याला अडकवा, दुसऱ्याला वजन लावा आणि प्रत्येक वजनाला लांबी किती होते ते मोजा. दुसरा प्रयोग घड्याळाच्या नागमोडी स्प्रिंगचा, तिला दोऱ्यानं वजन लावून काटा किती फिरतो ते पाहण्याचा. तिसरा सरळ तारेचा आणि चौथा वाकवलेल्या लाकडी फळीचा. चारही ठिकाणी नियम एकच निघाला.

सरळ तारेसाठी त्यानं २०, ३०, ४० फूट लांबीची तार सांगितली आहे. तार वर खिळ्याला बांधायची, खाली पारडं लावायचं आणि मोजायचं ते पारड्याचा तळ आणि जमीन यांमधलं अंतर. तारेची मूळ लांबी मोजायची गरजच नाही. अंतर किती कमी होत गेलं एवढंच पाहायचं.

इतकी लांब तार का, ते हिशोब केला की कळतं. अर्धा मिलिमीटर जाडीची १० मीटर पोलादी तार घेतली आणि २ किलोचं वजन टांगलं, तर ती जेमतेम ५ मिलिमीटर वाढते. हातभर तारेत ही वाढ नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही. याच जाडीच्या सुमारे दीड मीटर तारेची १ सेंटिमीटर व्यासाची ५० वेटोळी केली, तर मात्र नुसत्या १०० ग्रॅमला ती ७८ मिलिमीटर खाली येते. तीच तार सरळ टांगून १०० ग्रॅम लावले असते, तर वाढ ०.०४ मिलिमीटर झाली असती. दोन हजार पटींचा फरक!

हा फरक कुठून येतो? स्प्रिंग ताणताना तार फारशी लांबत नाही, ती पिळली जाते. फ्रान्सच्या कूलोम्बनं १७८४ साली तारांच्या पिळाचा अभ्यास केला आणि पिळायला लागणारा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार बदलतो, हे दाखवलं. स्प्रिंगमधली तार मुख्यतः पिळली जाते, हे लॉर्ड केल्विनचा भाऊ जेम्स थॉमसन यानं १८४८ साली स्पष्ट मांडलं. आज आपण त्यावरून असं सांगतो: तारेची जाडी १० टक्क्यांनी वाढली तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. वेटोळ्याचा व्यास दुप्पट केला तर तिचा ताठरपणा आठपटीनं कमी होतो. वेटोळ्यांची संख्या दुप्पट केली तर ताठरपणा निम्मा होतो. उलट, स्प्रिंग मधोमध कापली तर प्रत्येक अर्धी स्प्रिंग मूळच्या दुप्पट ताठ असते. मुलांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण ‘निम्मी’ असं उत्तर देतील.

खोडलेली दोन शून्यं

आता स्वतःची एक चूक सांगतो. शिकवायला लागल्यावर सुरुवातीच्या एका वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीची निरीक्षणं अशी आली: ५० ग्रॅमला वाढ शून्य, १०० ग्रॅमला शून्य, १५० ला ८ मिलिमीटर, २०० ला २४ आणि २५० ला ४०. नियमाप्रमाणं रेषा आरंभबिंदूतून जायला हवी, म्हणून ‘नीट बघ, चुकलं असेल’ असं म्हणून मी तिला प्रयोग परत करायला लावला. आकडे तेच आले. शेवटी शेजारणीच्या वहीतले ‘बरोबर’ आकडे तिच्या वहीत उतरले आणि मी सही केली.

चूक तिची नव्हती. ताणाच्या पुष्कळ स्प्रिंगा करतानाच अशा वळतात, की वेटोळी एकमेकांवर दाबून बसतात. हा सुरुवातीचा दाब मोडेपर्यंत स्प्रिंग हलत नाही. तिच्या स्प्रिंगमध्ये तो १२५ ग्रॅमइतका होता. त्यापुढं दर ५० ग्रॅमला बरोबर १६ मिलिमीटर वाढ होत होती. वजन भागिले वाढ असं थेट केलं, तर १५० ग्रॅमला मिलिमीटरमागं १८.७५ ग्रॅम येतात, २०० ला ८.३३ आणि २५० ला ६.२५. एका स्प्रिंगचे तीन स्थिरांक! वाढीतला फरक घेतला, तर दर वेळी ३.१२५ ग्रॅम, म्हणजे मीटरला सुमारे ३१ न्यूटन. स्थिरांक मिळतो तो रेषेच्या चढावरून, एखाद्या बिंदूवरून नाही. हुकनं जमिनीपासूनचं अंतर मोजलं, तेव्हा त्यालाही नेमके फरकच मिळत होते.

घरच्या कार्यशाळेत

स्प्रिंगांचा ताठरपणा मोजायला आणि एकमेकींशी ताडून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. वाद्यांच्या दुकानात सतारीची पोलादी तार मिळते, तंबोऱ्याची पितळी तारही मिळते. ती पेन्सिलीवर किंवा गुळगुळीत सळईवर घट्ट गुंडाळली की हुकची स्प्रिंग तयार. तारेची जाडी मोजायला सूक्ष्ममापी नसेल, तर २० वेढे चिकटून घाला, पट्टीनं रुंदी मोजा आणि २० नं भागा. वजनांऐवजी प्लॅस्टिकची बाटली टांगा आणि मापानं ५०-५० मिलिलिटर पाणी ओतत जा. वजनं वाढवताना आणि उतरवताना अशी दोन्ही वेळची निरीक्षणं घ्या. उतरवल्यावर दर्शक मूळ जागी आला नाही, तर स्प्रिंग मर्यादेपलीकडे ताणली गेली, असं समजायचं. असंच रबरबँडवर करा. तिथं रेषा वळते आणि चढतानाचे व उतरतानाचे आकडे जुळत नाहीत.

दोन स्प्रिंगांची तुलना तर वजनांशिवायही होते. दोन्ही एकमेकींत अडकवा आणि ओढा. दोघींवरचं बळ सारखंच असल्यामुळं जी कमी ताणली जाते ती जास्त ताठ. एक २० मिलिमीटर वाढली आणि दुसरी ५०, तर पहिलीचा ताठरपणा दुसरीच्या अडीचपट. सुरुवातीच्या दाबाचा घोटाळा टाळायला थोडं ओढून एकदा मोजा, आणखी ओढून परत मोजा आणि फरकांचं गुणोत्तर काढा.

जुनी स्प्रिंग ‘बसली’ आहे का, हे पाहायला गॅरेजमधले मिस्त्री हीच युक्ती दाबाच्या स्प्रिंगांसाठी वापरतात. जुनी आणि नवी अशा दोन स्प्रिंगा एकापुढं एक ठेवायच्या, मध्ये वायसर घालायचा, दोघींतून लांब बोल्ट ओवायचा आणि व्हाइसमध्ये दाबायच्या. जुनी जास्त आखूड झाली, तर ती बदलायची. (बोल्ट ओवल्याशिवाय हे करू नये; निसटलेली स्प्रिंग डोळ्यावर येऊ शकते. चष्मा लावलेला बरा.) मिस्त्री म्हणतो, ‘स्प्रिंग नरम पडली.’ पण व्हाइस दोनदा आवळून दोन्ही वेळची मापं घेतली आणि फरक काढले, तर बहुधा दोघींचा ताठरपणा सारखाच निघतो. जुनीची मोकळी लांबी कमी झालेली असते, म्हणून त्याच जागी ती कमी जोर देते. इथंही स्प्रिंगला दोन आकडे आहेत: रेषेचा चढ आणि ती सुरू कुठून होते. दोन्ही कळल्याशिवाय स्प्रिंग कळत नाही.

ड्रिलचा स्टँड असेल, तर त्याखाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवून त्यावर स्प्रिंग उभी करा. ड्रिल न फिरवता तिचं डोकं खाली आणत मिलिमीटरमागं काटा किती वाढतो ते वाचा. काट्याच्या क्षमतेपलीकडे मात्र जाऊ नका.

उंचीवरचं वजन

हुकला स्प्रिंगच्या काट्यानं आणखी एक गोष्ट करायची होती. पृथ्वीपासून दूर गेलं की वजन कमी होतं का, हे त्याला तपासायचं होतं. दोन पारड्यांच्या तराजूला हे कधीच कळणार नाही. वस्तू आणि वजनं दोन्ही सारखीच हलकी होतात. स्प्रिंगला ते कळलं पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये असे काटे बाजारात आले आणि आपल्या शाळेतला तानकाटा त्यांचाच वंशज आहे.

पण हा फरक किती असतो? आगीच्या स्मरणार्थ लंडनमध्ये जो स्तंभ उभारला, त्याच्या रचनेत हुकचा हात होता. त्याची उंची सुमारे ६१ मीटर. तेवढं वर गेल्यावर वजन सुमारे पन्नास हजारांत एक भाग कमी होतं. १ किलोच्या वजनानं स्प्रिंग पुरती १ मीटर ताणलेली असली, तरी वर गेल्यावर ती फक्त ०.०२ मिलिमीटर आखडणार. हुकचा प्रश्न अचूक होता, पण त्याच्या काळच्या स्प्रिंगेला आणि पट्टीला तो पेलणारा नव्हता.

उत्तर स्प्रिंगनंच दिलं, पण १९३० नंतर. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या लुसिअन लॅकॉस्टनं १९३२ साली ‘शून्य लांबीची स्प्रिंग’ शोधली. तिची वेटोळी मुद्दाम इतक्या दाबानं वळलेली असतात, की वजनाचा आलेख मागं वाढवला तर लांबी शून्य असताना बळही शून्य येतं. म्हणजे बळ हे वाढीच्या नव्हे, तर संपूर्ण लांबीच्या समप्रमाणात. या स्प्रिंगवर केलेले गुरुत्वमापक दहा कोटींत एक भाग एवढा फरक दाखवतात. जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं, तरी त्यांना कळतं. खनिज तेलाच्या शोधात अशी उपकरणं जगभर वापरली गेली.

माझ्या विद्यार्थिनीच्या आलेखाची रेषा मागं वाढवली, तर ती शून्याच्या ४० मिलिमीटर मागं अक्षाला मिळते. तिची मिटलेली स्प्रिंग साधारण ६० मिलिमीटरची होती. ४० ची असती, तर ती लॅकॉस्टची शून्य लांबीची स्प्रिंग ठरली असती! मी तिला खोडायला लावलेली दोन शून्यं नेमकी हेच सांगत होती.

यंदा हा प्रयोग घ्याल तेव्हा अशा दोन-तीन घट्ट वळलेल्या स्प्रिंगा मुद्दाम संचात ठेवा. रेषा आरंभबिंदूतून गेली नाही तर मुलांना आकडे बदलू देऊ नका, रेषा मागं वाढवायला सांगा आणि ती अक्षाला कुठं मिळते ते विचारा.